चावीवाल्याची चौऱ्याहत्तर मिनिटं

भांडुप,
शनिवार, दुपार

प्रिय देवा,

पाकिटावर ‘श्री. देवव्रत’ असं लिहिलंय ते काकूंना बरं वाटावं म्हणून. आत मात्र देवाच. सतरा वर्षांची सवय आहे, तू चार महिने बोलला नाहीस म्हणून ती जाणार नाही. व्हॉट्सअॅपवर तू मला ब्लॉक केलंयस, फोन लावला की एकदा वाजून बंद होतो, मेलला उत्तर नाही. म्हणून शेवटी कागद आणि पेन. कॉलेजच्या शेवटच्या पेपरनंतर एवढं लांबलचक हाताने पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. हे पत्र मी माणिककाकूंच्या हातात देणार आहे आणि तू ते शेवटपर्यंत वाचेपर्यंत त्या तुझ्यासमोरून हलणार नाहीत, असं त्यांनी मला कबूल केलंय. तुझी आई आहे, तुला माहितीये ती हलणार नाही. तेव्हा गप वाच.

काल शुक्रवार. सकाळी पावणेदहाचा शो, मुलुंडचा मॉल, तुझ्या घरापासून चालत बारा मिनिटं. एकशे ब्याण्णव खुर्च्या, त्यातल्या रिकाम्या फक्त अकरा. एवढ्या सकाळी! एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला काकू आणि मध्ये मी. तू येशील असं मला शेवटच्या मिनिटापर्यंत वाटत होतं. काकू म्हणाल्या की तू पंख्याखाली पेपर धरून बसलायस आणि गेला अर्धा तास पान उलटलेलं नाहीस. मला इतका राग आला ना, की उठून यावं आणि तुला कॉलरला धरून आणावं. पण तेवढ्यात दिवे गेले. पडद्यावर ‘चावीवाला’ आलं आणि त्याच्याखाली तुझं नाव. काकूंनी माझा हात जो धरला तो मध्यंतरापर्यंत सोडला नाही. बांगडीचा वण अजून आहे मनगटावर.

आणि नवव्या मिनिटाला पहिली शिट्टी पडली. कुठे, ते ऐक. टँकरवाल्यांनी चोरलेलं पाणी आपला चावीवाला जयवंत पहिल्यांदा परत पाइपात ओढून घेतो, अख्खी गल्ली आ वासून बघत राहते, आणि तो चावी खांद्यावर टाकून मुकादमाला विचारतो की याचा ओव्हरटाइम मिळेल का. तिथे! एवढ्या मोठ्या चमत्काराला नाही, ओव्हरटाइमला. मागच्या रांगेतल्या एका काकांनी अशी काही शिट्टी मारली की बाबा दचकले. तो विनोद तुझा आहे, देवा. एस. वाय. ला असताना तू लिहिलेला. आणि शूटिंग झाल्यावर ‘याने गांभीर्य जातं’ म्हणून काढून टाकलेला, तोही तूच.

मला ती वीस पानं अजून दिसतात रे. मुलुंडच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये तू प्रॅक्टिकलच्या जर्नलमागे लिहिली होतीस. भांडुपमध्ये महापालिकेचा एक चावीवाला आहे. लोखंडी लांब चावी घेऊन पहाटे गल्लोगल्ली फिरतो, रस्त्यातलं झाकण उघडतो, व्हॉल्व्ह फिरवतो आणि त्या गल्लीला पाणी सुटतं. एवढंच त्याचं काम. आणि एके दिवशी त्याच्या लक्षात येतं की पाणी त्याचं ऐकतं. ड्रेस वगैरे काही नाही, खाकी पँट आणि गमबूट. शत्रू म्हणजे पाणी पळवणारा टँकरसम्राट. तू भांडुपला आमच्या घरी आलास की बाबांना आमच्या गल्लीच्या पाण्याच्या वेळा विचारायचास आणि वहीत टिपून घ्यायचास. मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावर, टाकीच्या पाण्यावर वाढलेला मुलगा तू, तुला त्या चावीचं एवढं वेड लागलं याचं मला फार कौतुक वाटायचं. तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते. त्या वीस पानांमुळे मी एडिटर झाले. हा सिनेमा कधीतरी होणार आणि तो मी कापणार, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

तेव्हा आपण परदेशी सुपरहिरोंचा एकही सिनेमा सोडायचो नाही, घाटकोपरला, पहिल्या दिवशी. सुरुवातीला ते सिनेमे कसे दोन तासांत आटपायचे. माणूस उडायचा, कुणाला तरी वाचवायचा, एखादा फालतू जोक मारायचा, की आपण वडापाव खायला मोकळे. मग काय झालं कुणास ठाऊक, हळूहळू सगळ्यांचे चेहरे सुतकी व्हायला लागले. ज्याचा त्याचा बाप लहानपणी मेलेला, आणि त्यावर ज्याला त्याला अर्धा तास रडायचंय, तेही गच्चीच्या कठड्यावर उभं राहून. व्हिलन मारायचं सोडून भाषण देतोय. अख्खं शहर पडतं, मग पुन्हा पडतं, झाडायला कुणी येत नाही. शेवटची मारामारी चाळीस मिनिटं आणि त्यात कोण कुणाला मारतोय ते दिसायची सोय नाही, इतका अंधार. बाबांना एकदा नेलं होतं आपण, आठवतं? मध्यंतरात त्यांनी मला हळूच विचारलं, गो चेडवा, ह्यो पिक्चर इतको काळो कित्याक, दिवो गेलो की काय प्रोजेक्टरचो? तीन तास झाले तरी सुटका नाही, नावांच्या पाट्या संपेपर्यंत बसायचं, कारण त्यानंतर पुढच्या सिनेमाचा तुकडा असतो. सफाईच्या मावशी झाडू घेऊन दारात ताटकळत उभ्या. तूच तेव्हा म्हणायचास की आपण करू तो सिनेमा दोन तासांचा करायचा आणि मावशींना वेळेवर घरी पाठवायचं.

आणि मग चंद्रप्रकाशशेठनी तुझी गोष्ट घेतली, पैसे लावले, आणि तू नेमका तोच सिनेमा बनवलास! तीन तास अठरा मिनिटं. जयवंतचा बाप दोनदा मेला, एकदा खरा आणि एकदा स्वप्नात. गमबूट गेले, काळा कोट आला. भांडुपच्या चावीवाल्याला काळा कोट, यार! टँकरसम्राट सत्तावीस मिनिटं मानवजातीवर बोलला. मुंबई पहिल्यांदा बुडाली मध्यंतराआधी, पुन्हा बुडाली मध्यंतरानंतर. तुझी बाजू मला माहीत नव्हती असं समजू नकोस. अंधेरीच्या एडिटिंग रूममध्ये एकदा डबा खाता खाता तू बोलून गेलास की मराठी सिनेमा म्हटला की लोक आधीच ‘छोटासा, गोड’ असं धरून चालतात, एकदा तरी आपलंही कुणाला छोटं म्हणता येऊ नये. मला ते इतकं लागलं की त्या दिवशी मी तुझ्याशी भांडले नाही. भांडायला हवं होतं. लांबी आणि उंची यात फरक असतो, हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.

माझे बाबा काशीराम, भांडुपच्या टॉकीजचे ऑपरेटर, तीस वर्षं. टॉकीज पडलं, तिथे आता टॉवर आहे, पण त्यांचं काम तुला पाठ आहे, कारण मी तुला शंभरदा सांगितलंय. तरी पुन्हा सांगते, काकूही वाचणार आहेत म्हणून. चार शो बसवायचे तर लांब सिनेमा आखडावा लागायचा. मॅनेजर नुसता मिनिटं सांगायचा, कुठून काढायची ते बाबा ठरवायचे. ते पडद्याकडे बघायचेच नाहीत. केबिनच्या चौकोनी भोकातून लोकांकडे बघायचे. माणसां खोकूक लागली काय समजायचा, रीळ लांबला, असं त्यांचं म्हणणं. खोकला, मग खुर्च्यांची करकर, मग मुतारीच्या दाराचा आवाज. तिन्ही झालं की तिथे कात्री. कॅलेंडरच्या मागे टिपणं असायची, रीळ सात, बागेतलं गाणं, दुसरं कडवं, खोकला. आणि प्रिंट परत जायच्या आधी तो तुकडा जसाच्या तसा जोडून द्यायचे, कारण माल दुसऱ्याचा. मी शाळेतून आले की त्या केबिनमध्ये स्टुलावर बसून गृहपाठ करायचे आणि खोकला मोजायचे. तुमच्या घरी पाढे शिकवले असतील, मला हे शिकवलं.

म्हणून जानेवारीत आपण चाळीस लोकांना बोलावून तो तीन तास अठराचा सिनेमा दाखवला, तेव्हा तू पडद्याकडे तोंड करून बसलास आणि मी पहिल्या रांगेत उलटी बसले, लोकांकडे तोंड करून. बाबांनाही मागे बसवलं होतं. बाविसाव्या मिनिटाला पहिला खोकला. पन्नासाव्या मिनिटाला मोबाइलचे उजेड. दुसऱ्या तासात दोन बायकांनी कुजबुजत एकीच्या मुलीचं लग्न जवळजवळ जमवलं. एक आजोबा बाहेर गेले ते दोन मारामाऱ्या संपल्यावर आले आणि त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. आणि नंतर तू ते फॉर्म गोळा केलेस, चाळीसच्या चाळीस ‘खूप छान’. अरे, आपण त्यांना फुकट सिनेमा दाखवला, वर समोसे आणि चहा दिला. समोसा खाऊन कुठला मराठी माणूस तोंडावर वाईट लिहील? बाहेर पायऱ्यांवर तेच लोक काय बोलत होते ते बाबांनी ऐकलं. मी तुला माझी वही दाखवली, मिनिटागणिक खोकल्याची, तर तू म्हणालास की जानेवारी आहे, थंडी आहे, लोक खोकणारच. हसू की रडू कळेना मला. मुंबईत, थंडी!

त्यानंतर आपण जे भांडलो ते मी इथे उगाळत नाही. तू म्हणालास की मला मोठं काही झेपत नाही, माझी नजर भांडुपच्या टॉकीजातच अडकलीय. मी म्हणाले की तुझी तर कुठेच अडकत नाही, म्हणून तीन तास भटकतेय. दोघंही वाईट बोललो. पण तुला माहीत नसलेली गोष्ट ही की त्यानंतरचे सगळे रविवार मी एडिटिंग रूममध्ये एकटी बसत होते. तुझ्या फाइलला हात न लावता माझी वेगळी फाइल करत होते. नाव ठेवलं ‘बाबांचा कट’. चौऱ्याहत्तर मिनिटं काढली, दोन तास चार मिनिटांवर आणला. बापाचा दुसरा मृत्यू काढला. दुसरी बुडालेली मुंबई काढली. सत्तावीस मिनिटांचं भाषण तीन मिनिटांवर आणलं, आणि खरं सांगते, आता तो माणूस जास्त भीतिदायक वाटतो, कारण आता तो मध्येच गप्प होतो. पाट्यांनंतरचे दोन्ही तुकडे काढले. काळ्या कोटाचं काय करायचं सुचेना, मग तुझ्याच जुन्या शूटिंगमधली, पहिल्या आठ दिवसांची, खाकी कपड्यांतली दृश्यं सापडली, आणि जयवंत पुन्हा आपला झाला. ओव्हरटाइम परत आला. तू काढून टाकलेलं सगळं हसू मी वेचून वेचून परत लावत होते आणि एकटीच मशीनसमोर खिदळत होते.

आणि एक जागा होती, जिला मी कात्री लावू दिली नाही. तुझ्या विरुद्ध नाही, चंद्रप्रकाशशेठच्या विरुद्ध. मार्चनंतर ते म्हणायला लागले की एवढं कापलंच आहे तर हेही कापा, यात काही होतच नाही. जयवंत रस्त्यात गुडघ्यावर बसतो आणि पाइपाला कान लावतो. एक मिनिट पन्नास सेकंद. म्युझिक नाही, बोलणं नाही. त्याला गल्लीतलं एकेक घर ऐकू येतं. कुणी तांदूळ धुतंय, कुणाच्या बाळाची आंघोळ चाललीय, कुणी मोरीत नळ सोडून त्या आवाजात रडून घेतंय. तू वीस वर्षांचा असताना हे लिहिलंस, कसं सुचलं तुला? मी शेठना सांगितलं की ही एक मिनिट पन्नास सेकंद गेली तर माझं नाव काढा. तीन दिवस त्यांच्या ऑफिसात जाऊन बसले. चौथ्या दिवशी ते कंटाळून हो म्हणाले. हे तुला कुणी सांगितलं नसेल, कारण तोवर तू आम्हा सगळ्यांना सोडून गेला होतास.

मार्चमधला तो ट्रायल शो. अकरा तारीख, अंधेरी, सकाळी अकरा. शेठ, वितरक, त्यांच्या घरची माणसं. तुला मेट्रोच्या कामाच्या ट्रॅफिकने अडकवलं, तू वीस मिनिटं उशिरा आलास आणि दारातच थांबलास, कारण जयवंत खाकी कपड्यात होता आणि लोक हसत होते. मी तुझा चेहरा अंधारात पाहिला. तू शो थांबवायला पुढे गेलास आणि तेवढ्यात शेठच्या म्हाताऱ्या आई टाळ्या वाजवायला लागल्या. तू तसाच मागे फिरलास. मी धावत बाहेर आले, जिन्यात तुला गाठलं आणि सांगितलं की नावांचा घोळ झाला, चुकून दुसरी ड्राइव्ह आली. आपल्या फाइलींची नावं तरी काय होती, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘देवाचं फायनल’, ‘हेच फायनल’. कुणालाही पटेल. तू जिना उतरून निघून गेलास. दुपारी शेठनी ठरवलं की हाच सिनेमा लागणार, आणि संध्याकाळी तू त्यांना दोन ओळींचा मेल टाकलास की करा तुम्हाला काय करायचं ते. साउंड, रंग, सगळं तुझ्याशिवाय झालं. प्रत्येक दिवशी मी दरवाजाकडे बघायचे. नवरा-बायको असतो तर निदान नातेवाइकांनी मध्यस्थी केली असती, मित्रांचं भांडण मिटवायला कुणी येत नाही.

आता पुन्हा कालचं ऐक, कारण ते तुझं आहे. तो पाइपाचा प्रसंग आला आणि मी सवयीने उलटी वळले. पडद्याकडे पाठ, लोकांकडे तोंड. एकशे एक्क्याऐंशी माणसं. एक खोकला नाही. एक मोबाइल नाही. पॉपकॉर्नची पुडी चाचपणारा एक पोरगा होता, त्याचा हात पुडीतच थांबला. मोरीतल्या त्या रडण्याला तिसऱ्या रांगेतल्या एका बाईने पदर तोंडाला लावला. एक मिनिट पन्नास सेकंद असं चालू होतं आणि मला वाटलं, बास, आता माझं काही झालं तरी चालेल. बाबांकडे पाहिलं. ते तीस वर्षं लोकांकडे बघत आले ना, काल ते पडद्याकडे बघत होते. डोळे पुसायचंही भान नव्हतं त्यांना. देवा, त्या माणसाने आयुष्यात एवढे सिनेमे चालवले, आणि मी त्यांना असं हरवून सिनेमा बघताना काल पहिल्यांदा पाहिलं.

शेवटच्या मारामारीत तर धुमाकूळ. अकरा मिनिटंच आहे, पण लख्ख दिसते, कोण कुणाला मारतंय ते. जयवंत चावी फिरवतो आणि भांडुप, मुलुंड, घाटकोपर, एकेका गल्लीला पाणी सुटतं, तेव्हा लोक आपापल्या एरियाचं नाव ओरडत होते. विक्रोळीवाले ओरडले की आम्हाला का विसरलात. तेही नाव आलं आणि जो गलका झाला तो मी सांगूच शकत नाही. सिनेमा संपला, दिवे आले, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पाट्यांनंतर काहीही नाही हे माहीत असूनही बसून राहिले. तुझ्या नावाची पाटी पुन्हा गेली तेव्हा काकू उठल्या आणि आजूबाजूच्या अनोळखी लोकांना सांगत सुटल्या की हा माझा मुलगा. लोक त्यांच्या पाया पडले. त्यांनी एका बाईला तुमच्या घराचा पत्ताही दिला, तेव्हा दार उघडायची तयारी ठेव. बाबा एवढंच म्हणाले की ह्यातला काय्येक काढूचा नाय. बाबांच्या तोंडून हे आजवर कुणी ऐकलेलं नाही. जिंकलो आपण, देवा. छोटा, गोड वगैरे कुणी म्हणालं नाही. बाहेर पडणारा एक मुलगा मित्राला सांगत होता की केवढा मोठा पिक्चर आहे यार. दोन तास चार मिनिटांच्या सिनेमाला! तुला हवा होता तो शब्द तुला मिळालाय, आणि तो तुझ्या वीस पानांना मिळालाय.

दुपारी शेठचा फोन आला. आजपासून शो वाढवलेत, बोरिवली-अंधेरी सगळीकडे, आणि त्यांना दुसरा भाग हवाय. ते म्हणाले की देवव्रत नसेल तर तूच कर, तुझ्याच हातात सिनेमा आहे. मी नाही म्हणाले. मोठेपणा म्हणून नाही. मला कापता येतं, पाइपाला कान लावता येत नाही. ते तुला येतं. शेठना सांगितलं की देवव्रत बसला तर मी बसेन, नाहीतर दोघंही नाही. त्यांनी बुधवारपर्यंतची मुदत दिलीय. पण हे पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. त्या कामासाठी काकूंकरवी निरोप पाठवला असता तरी भागलं असतं.

लिहिलंय ते यासाठी की काल सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला त्या पुऱ्या घेता येत नव्हत्या. अकरा मार्चला ड्राइव्ह चुकून आली नव्हती, देवा. सकाळी साडेआठला मी घरी चहा पीत बसले होते आणि दोन्ही ड्राइव्ह समोर टेबलावर होत्या. मी एक उचलली. कुठली ते दोनदा बघून उचलली. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, आणि तुझं ‘नाही’ मला ऐकायचं नव्हतं. अनोळखी वितरकांवर, शेठच्या आईवर, कुणावरही मी विश्वास ठेवला, फक्त तुझ्यावर ठेवला नाही. वर जिन्यात तुझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलले. सिनेमाबद्दल मी माफी मागणार नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच कापेन. पण ते तुझ्यासमोर बसून, तुझ्याशी भांडून कापायला हवं होतं, तुझ्या पाठीमागे नाही. त्याची माफी मागते, मनापासून. उद्या रविवार, सव्वाबाराच्या शोला मी मॉलच्या दारात उभी आहे, साडेअकरापासून. ये, आणि आधी मला काय शिव्या घालायच्यात त्या घाल. तीन तास अठरा मिनिटं घाल. त्यातला एक शब्दही मी कापणार नाही. मग आत चल, आणि एकदा लोकांकडे तोंड करून बस.

तुझीच,
दीप्ती